दहा वर्षांचा हिशेब : एकूण आणि माणशी

देशाची अथवा जिल्ह्याची प्रगती मोजताना एकूण आकड्याबरोबर माणशी आकडाही पाहावा लागतो. वाशिम जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,२०,२१६ होती. २०११ मध्ये ती ११,९७,१६० झाली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा सुमारे १७ वाढ झाली. याच काळात देशाची लोकसंख्याही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढून १२१ कोटींवर गेली.

जिल्ह्याचे क्षेत्र मात्र सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर एवढेच राहिले. शेत, रान, गावठाण सर्व धरून २००१ मध्ये माणशी सुमारे ४७ गुंठे जमीन येत होती. २०११ मध्ये ती सुमारे ४० गुंठे झाली.

आता समजा, एका गावात १,००० माणसे असून १,००० क्विंटल धान्य पिकते. दहा वर्षांत धान्य शेकडा १० ने व माणसे शेकडा १७ ने वाढली. धान्य १,१०० क्विंटल झाले. तरी माणशी वाटा १०० किलोवरून ९४ किलोवर उतरला. उत्पन्न वाढूनही घर मागे पडते, ते असे.

जमीन वाढविता येत नाही. एकरी उतारा वाढविता येतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, ओल टिकविणारी बांधबंदिस्ती, रब्बीत हरभरा व घरी एखादा जोडधंदा हे त्याचे मार्ग होत.

२०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील माणसे, पेरा व उतारा यांचे दहा वर्षांपूर्वीचे व आजचे आकडे फळ्यावर मांडून ग्रामसभेत माणशी हिशेब करून दाखवावा.