मिठात न सुकणारं शेवाळ

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, फोडी आकसतात. मग राजस्थानातल्या सांभर सरोवराच्या खारट पाण्यात डुनालिएला हे एकपेशीय शेवाळ जगतं कसं? मीठ वाढलं की तीही पेशी आधी आकसतेच. पण लगेच साठवलेल्या स्टार्चपासून ग्लिसरीन बनवते. हो, साबणात असतं तेच! त्याने पाणी पेशीत परत येतं. मीठ उतरलं की ग्लिसरीनचा पुन्हा स्टार्च. वर कडक ऊन असेल तर गाजरातलं बीटा कॅरोटीनही साठतं, शेवाळ केशरी दिसतं. मात्र यात ताकद खर्च होते, वाढ मंदावते. म्हणून या शेवाळाच्या धंद्यासाठी टाक्या विकायला कुणी आलं, तर नुसता रंग बघू नका. महिन्याला वाळलेला माल किती निघतो, तेही विचारा.