घरच्या घरी तेलबदल
(द्वितीय वर्ष, कला)

कथा-कवितांच्या पंगतीत हा लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील. पण आमच्या घरात गाडीचे माहितीपुस्तक वाचता येणारी मी पहिलीच. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचे आप्पा वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार. रात्री दोनच्या सुमारास कोपरखैरण्याहून मोटारसायकलने निघतात. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. म्हणून तेल वेळेवर बदलायला हवे.

आता मोटारसायकलीतले तेल करते तरी काय? ते धातूला धातू घासू देत नाही, उष्णता वाहून नेते आणि जळणाची काजळी स्वतःत धरून ठेवते. तेल काळे पडले म्हणजे नासलेच, असे नव्हे. काळेपणा हा बऱ्याच अंशी त्याने काम केल्याचा पुरावा असतो. मात्र दिवसेंदिवस त्यातली रसायने संपतात आणि चिकटपणा बदलतो. डब्यावरचा ‘१०डब्ल्यू-३०’ हा आकडा या चिकटपणाचाच. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या चिकटपणाचा. आणखी एक गोष्ट. गिअरच्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असतात. तेल फार निसरडे झाले तर क्लच सटकतो. म्हणून अशा गाडीला ‘जासो एमए’ लिहिलेले तेल घ्यावे. ‘एमबी’ हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी.

कृती सोपी आहे. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होऊन तळची घाण घेऊन बाहेर येते. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावी. खाली जुनी परात ठेवावी, वरचे झाकण सैल करावे, मग तळचा बोल्ट काढावा. आमच्या गाडीला सतरा नंबरचा पाना लागतो. तेल ठिबकायचे थांबेपर्यंत धीर धरावा. बोल्ट वायसरसकट पुसून बसवावा आणि बेताने आवळावा. जोर दाखवला तर आटे जातात. नवे तेल पुस्तकात दिले असेल तेवढेच ओतावे. जास्त झाले तर ते घुसळून फेसाळते. इंजिन थोडे चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी काडीने पातळी पाहावी. आमच्या गाडीची काडी पिळायची नसते, नुसती टेकवायची असते.

हे सारे पुस्तकात होते, तरी पहिल्या खेपेला मी वायसर बसवायला विसरले. तेल रात्रभर थेंबथेंब गळत राहिले. आप्पा निघाले तेव्हा अंधारात कोणाला दिसणार? वाटेत इंजिन करकरू लागले म्हणून त्यांनी गाडी बंद केली आणि ती ढकलत परत आणली. खाडा पडला. मी रडकुंडीला आले होते. ते एवढेच म्हणाले, “पोरी, वायसर कुठंय बघ.” तो परातीतल्या काळ्या तेलात सापडला.

जुन्या तेलाचे काय? आमच्या गल्लीत सर्रास गटारात ओततात. पण हे गटार जाते कुठे? भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले. वाशी-बेलापूरकडचे पावसाळी पाणी त्यांत साठते आणि ओहोटीला ठाणे खाडीत सुटते. म्हणजे गटारात ओतलेला तवंग शेवटी खाडीत जातो. खाडीचा एक भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर यादीतही आला. त्याच खाडीवर कोळी बांधवांचे पोट आहे. शिवाय २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. हात लागला तर साबणाने धुवावेत. त्वचेला ते वाईट.

मी ते जुन्या डब्यात भरून, बूच लावून कोपऱ्यावरच्या गॅरेजला देते. तिथे त्यासाठी पिंप आहे. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र भोक पाडूनच भंगारात टाकते, नाहीतर त्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा दुकानात यायचा.

आता सीटखाली कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, किलोमीटर आणि आप्पांनी स्वतः काढलेली एक गोल खूण आहे. ती वायसरची.