परसातील अनोळखी फुलाची ओळख : पिवळा धोतरा

हिवाळा सरताना भिलाईतील घरांच्या बागांत, पडीक जागी आणि आसपासच्या शेतांच्या बांधांवर कोणीही न लावलेले, काटेरी पानांचे व पिवळ्याधमक फुलांचे एक झाड आढळते. कोणास ते करडई वाटते, तर कोणी शोभेचे म्हणून राखतो. अशा वेळी केवळ रंगावरून किंवा ऐकीव नावावरून निष्कर्ष काढू नये. पुढील चार लक्षणे क्रमाने पाहावीत.

१. चीक : पान किंवा देठ मोडावे. पिवळा चीक आल्यास ही महत्त्वाची खूण होय. रुईचा चीक पांढरा असतो. करडईत असा पिवळा चीक नसतो.

२. पान : पानास देठ नसतो, ते खोडास बिलगलेले असते. कडा काटेरी असून हिरवट-निळसर पानावर शिरांलगत पांढरे पट्टे दिसतात.

३. फूल : बहुधा ६ सुट्या पाकळ्या आणि मध्यभागी अनेक पुंकेसर असतात. करडईचे ‘फूल’ मात्र अनेक सूक्ष्म पुष्पांचा गुच्छ असतो.

४. फळ : काटेरी बोंड पिकल्यावर टोकाशी उकलते व आतील बारीक, काळे, गोल बी सांडते.

चारही लक्षणे जुळल्यास ती वनस्पती पिवळा धोतरा (आर्जेमोनी मेक्सिकाना) समजावी. हिंदीत तिला सत्यानाशी म्हणतात. नावात धोतरा असला तरी ती अफूच्या कुळातील आहे. खऱ्या धोतऱ्याचे फूल कर्ण्यासारखे, जोडलेल्या पाकळ्यांचे असते. बोंड मात्र दोहोंचेही काटेरी असल्याने गोंधळ होतो.

ही ओळख महत्त्वाची का? या वनस्पतीचे बी मोहरीसारखे दिसते आणि आकारानेही जवळपास तेवढेच असल्याने ते चाळणीने नीट वेगळे होत नाही. त्याच्या तेलातील सँग्विनरीन या विषारी द्रव्यामुळे पाय सुजणे, धाप लागणे, हृदयावर ताण येणे व काचबिंदू असे विकार होतात. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची साथ पसरून ६०हून अधिक व्यक्ती दगावल्या. भिंगाखाली या बियांवर जाळीदार खाचा दिसतात. तेलाबाबत शंका असल्यास प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत ते खाण्यात वापरू नये.

म्हणूनच बोंडे धरण्यापूर्वी हातमोजे घालून झाड मुळासकट उपटावे. बोंडे धरली असल्यास ती पिशवीत गोळा करावीत व कंपोस्ट खड्ड्यात टाकू नयेत, कारण बी जमिनीत दीर्घकाळ टिकते. मोहरीच्या शेतात व बांधावर ही पाहणी कापणीपूर्वीच करावी. पीक खळ्यावर आल्यानंतर बी वेगळे करणे अवघड; शेतात उभे असलेले झाड उपटणे मात्र सोपे. विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत एक पान मोडून पिवळा चीक प्रत्यक्ष दाखवावा. ही खूण शेतकऱ्यांच्या कायम स्मरणात राहते.