जाम झालेला बोल्ट

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणारा मार्ग आमच्या मलकापुरावरून पुढें आंबा घाटाकडे जातो. या मुलखांत पाऊस मुसळधार. लोखंडास गंज चढावयास वेळ लागत नाहीं. मोटारीचें इंजिन उघडतांना एखादा बोल्ट मुळींच हलूं नये, यांत म्हणून नवल नाहीं.

अशा वेळीं पान्ह्याच्या दांड्यास नळी अडकवून जोर लावण्याचा मोह होतो. परंतु बोल्ट कां अडला, हें प्रथम समजून घ्यावें. लोखंड गंजलें म्हणजे गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व आट्यांत पाचरीप्रमाणें दाटतो. इंजिनाचा भाग ॲल्युमिनियमचा असल्यास पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यांत एकत्र येऊन ॲल्युमिनियम झिजतें आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत बसते. तेथें नुसत्या बळानें आटे सुटत नाहींत, बोल्टच तुटतो.

आतां उपाय पाहूं. तारेच्या ब्रशानें गंज झाडून आट्यांवर पातळ, झिरपणारें तेल सोडावें व रात्रभर मुरूं द्यावें. मग बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावे. त्यानें गंजास तडे जाऊन तेल आंत शिरतें. नेमका बसणारा पान्हा लावून किंचित आवळावें, किंचित सोडावें, असें पुनःपुन्हा करावें. पान्हा स्प्रिंगसारखा लवचिक वाटूं लागला, कीं थांबावें. बोल्ट पिळवटूं लागला आहे असें समजावें. मग तेल पुसून भोंवतालचा भाग तापवावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून पकड सैल होते. पेट्रोलाजवळ मात्र ज्योत कदापि नेऊं नये.

इतकें करूनही बोल्ट तुटलाच, तर तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंचानें खूण करून डावीकडे फिरणाऱ्या ड्रिलानें छिद्र पाडावें. पुष्कळदां त्या ओढीनेंच तुकडा बाहेर येतो. तुकडा वर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्डिंगनें जोडून फिरवावा. छिद्र मध्य सोडून गेलें, तर इंजिनाचेच आटे कापले जातात आणि लहानशा बोल्टापायीं मोठी हानि होते.

नवा बोल्ट त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा व त्याच प्रतीचा घ्यावा; आटे स्वच्छ करून ठरलेल्या मापानेंच आवळावा. उद्यां घाट उतरणाऱ्या गाडींतील माणसें या कामावर विसंबून असतात. प्रसरणाचा नियम व गंजाचें रसायन आपण वर्गांत शिकतों. कारागिराच्या हातीं त्यांचीच परीक्षा होते. पालकांसही आमची विनंति कीं, मुलगा एका बोल्टापाशीं तासभर थांबला, तर तो वेळ दवडतो असें मानूं नये.