काउंटरवर उभं राहण्याआधी

बारावी झाली, ऑप्टोमेट्रीचा प्रवेश वर्षभर लांबला, तोवर एखाद्या चेनच्या चष्म्याच्या दुकानात काम करू का, असं ओळखीपाळखीतली मुलं मला विचारतात. पुण्यात मीही तेच केलं होतं. जरूर करा, असंच मी सांगते. फक्त रुजू होण्याआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्या.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलाचे कागद हेड ऑफिसला अडकले, प्रवेशाची फेरी निघून गेली आणि त्याचं अख्खं वर्ष वाया गेलं. नोटीस पिरियड किती, हेही रुजू होण्याआधीच लेखी घ्या.

दुसरं म्हणजे, जमेल तितका वेळ काचा बसवणाऱ्या माणसाशेजारी काढा. आमच्याकडे एक मावशी नवा चष्मा घेऊन परत आल्या होत्या. नंबर मायनस सहा. 'चष्मा लावला की डोकं ठणकतं,' म्हणाल्या. काउंटरवरची मुलं 'सवय होईल' म्हणून त्यांची समजूत काढत होती. फिटिंगच्या काकांनी चष्मा लेन्समीटरवर ठेवला, काचेच्या मध्यावर शाईचा ठिपका दिला आणि पट्टी लावली. एका काचेचा मध्य बाहुलीपासून पाच मिलिमीटर सरकलेला होता. सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबरने गुणायचं, की डोळ्यावर किती प्रिझमचा ताण पडतो ते कळतं. अर्धा गुणिले सहा, म्हणजे तीन. नंबर बरोबर होता, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, चुकीची घेतली होती. पुढे कॉलेजात हे सूत्र प्रेन्टिसचा नियम म्हणून फळ्यावर आलं, तेव्हा मला त्या मावशींचं कपाळ दाबून धरणंच आठवलं. हे शिक्षण दुकानात फुकट मिळतं, ते सोडू नका.

विक्रीच्या टार्गेटपासून मात्र स्वतःला जपा. ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश गाळणारी काच लावली की कॉम्प्युटरने डोळे थकत नाहीत, असं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. २०२३ साली वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. गिऱ्हाईकाने विचारलं तर खरं सांगा. महिन्याचा आकडा थोडा कमी भरेल, भरू दे. रोज दहा तास अर्धवट खरं बोलायची जिभेला सवय लागली, की पेशंटपुढे बसल्यावर ती सुटायला फार वेळ लागतो. मी हे जवळच्या लोकांत पाहिलं आहे.

आमच्या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंकडून एक गोष्ट शिकले. एका काकांचा नंबर थोड्याच दिवसांत बराच बदलला होता. नवीन चष्मा सहज विकला गेला असता. ताईंनी ऑर्डर थांबवली आणि 'आधी रक्तातली साखर तपासून या' म्हणाल्या. साखर चढली की डोळ्यातलं भिंग बदलतं, नंबर सरकतो, आणि साखर ताब्यात आली की पुन्हा सरकतो. मधल्या काळात केलेला चष्मा कुचकामी ठरतो. तसंच डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखं दिसतंय, काळे ठिपके वाढलेत किंवा एकाएकी अंधुक झालंय असं कुणी म्हणालं, तर फ्रेम दाखवत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडा.

ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे डोळ्याचा नंबर मोजणाऱ्या मशिनची, चिठ्ठी हाती आली की आपल्याला नंबर काढता येतो असं वाटू लागतं. लहान मुलं मशिनमध्ये बघताना डोळ्यावर जोर देतात आणि मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो. म्हणून गरजेप्रमाणे औषध घालून पुन्हा तपासावं लागतं. बी. ऑप्टोमची चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, ही अशा गोष्टींसाठी असतात. शिक्षणाआधी तपासणीच्या खुर्चीशेजारी उभं करू लागले, तर स्पष्ट नाही म्हणा.

आणि पगाराचं. दर महिन्याला हातात पैसे येतात, घरालाही त्याची सवय होते, 'पुढच्या वर्षी बघू' हे शब्द तोंडात बसतात. म्हणून पहिल्याच पगारातून प्रवेशाच्या फीसाठी वेगळं खातं उघडा, घरच्यांना नोकरी सोडायचा महिना आत्ताच सांगून ठेवा आणि निघताना अनुभवाचं पत्र सही-शिक्क्यासह घ्या.