नेटचं कार्ड 'गेलं' का नुसतं 'बंद' आहे? पैसे देण्याआधी पाहून घ्या



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त झाली की याच दिवसांत कागदपत्रांची कामं निघतात. सप्टेंबर २०२४ पासून केंद्राचा नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू झाला, त्याच्यावरची नोंदणीही ऑनलाइनच होते. म्हणजे घरच्या कम्प्युटरवर नेट पाहिजेच.

सौंसरकडच्या आपल्या एका सभासदाच्या घरी पोरगी नोंदणी करायला बसली, तर नेट नाही. मोबाइलवर वायफाय चालून राहिलं होतं, राउटरचे दिवे लागलेले, फक्त कम्प्युटर कोरडा. दुकानात नेला तर "कार्ड गेलं, नवीन टाका" असं सांगितलं. पैसे देण्याआधी त्यांनी आम्हाला फोन केला म्हणून बरं झालं. कार्ड धडधाकट होतं, कोणाच्या तरी हातून डिसेबल झालं होतं. स्टार्टर बंद आहे म्हणून विहिरीवरची मोटर जळली असं आपण म्हणतो का? तसंच हे.

कम्प्युटरमधल्या ज्या भागातून नेट आत येते त्याला नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. तो पाहायचा असा. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत एन-सी-पी-ए, मग टिंब, मग सी-पी-एल असं जागा न सोडता लिहा आणि एंटर मारा. आता वायफाय किंवा इथरनेट (म्हणजे वायरचं नेट) नावाची चित्रं दिसतील. तिथं नीट पाहा, सगळा निकाल इथंच लागतो.

चित्र राखाडी पडलं असेल आणि खाली 'डिसेबल्ड' लिहिलं असेल, तर त्याच्यावर राइट क्लिक करून 'इनेबल' दाबा. दहा-वीस सेकंद थांबा. कम्प्युटर अॅडमिनचा पासवर्ड मागू शकतो. ज्यानं कम्प्युटर सुरू करून दिला त्याला विचारा.

इथरनेटच्या चित्रावर लाल फुली असेल तर अडॅप्टर चालू आहे, वायर सैल किंवा तुटलेली असू शकते. दोन्ही टोकं काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. इथं एक गोष्ट फसवते: अडॅप्टर डिसेबल असला तरी बऱ्याचदा वायरच्या भोकाजवळचा दिवा लागत नाही. म्हणून दिवा पाहून निकाल देऊ नका, चित्र पाहा.

चित्रच नसेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिथं 'नेटवर्क अडॅप्टर्स' पाहा. नावावर खाली तोंड केलेला बाण म्हणजे बंद; राइट क्लिक, 'इनेबल डिव्हाइस'. कोड २२ दिसला तरी अर्थ तोच. पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर मात्र ड्रायव्हरची भानगड असू शकते, तिथं जाणकाराला बोलवा.

हे बंद होते तरी कसं? नेट हळू चाललं की कोणीतरी राइट क्लिक करून 'डायग्नोज' करायला जाते. त्याच यादीत सगळ्यात वर 'डिसेबल' असते, बोट तिथं पडते. आमच्याकडून पण झालं आहे.

यूट्यूबवर पाहून लगेच 'नेटवर्क रीसेट' करू नका. त्यानं साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, मग राउटरचा पासवर्ड शोधत बसा.

अन् फॉर्मची शेवटची तारीख असेल तर अडून राहू नका. मोबाइल चार्जिंगच्या डेटा केबलनं कम्प्युटरला जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा नेट येते. सौंसरच्या त्या पोरीला मात्र याची गरज पडली नाही, फोनवर सांगता सांगताच तिनं 'इनेबल' दाबलं.

पांढुर्णा-सौंसरच्या सभासदांपैकी कोणाला नाही जमलं तर त्या चित्रांच्या खिडकीचा फोटो मोबाइलनं काढून पेजवर मेसेज करा. फोटोत आधार नंबर किंवा पासवर्डची चिठ्ठी येणार नाही एवढं पाहा.