डायरेक्ट सेकंड इयरचा घरचा हिशेब

दहावीनंतर इंदापूरच्या विद्या प्रतिष्ठानच्या पॉलिटेक्निकला किंवा जवळपासच्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात डिप्लोमा करायचा आणि तिथून पुण्याच्या सीओईपीत अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं, हा रस्ता बारामती-इंदापूरकडच्या घरांना ठाऊक आहे. यात अकरावी-बारावीच्या क्लासचे पैसे वाचतात आणि सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागते. वर्ष मात्र वाचत नाही. दोन अधिक चार काय नि तीन अधिक तीन काय, दहावीनंतर सहा वर्षं जायचीच.

आधी जागांचं बघू. मंजूर क्षमतेच्या 10 टक्के जागा या मुलांसाठी असतात. म्हणजे साठच्या शाखेत सहा, त्याही आरक्षणात वाटलेल्या आणि राज्यभरातून मागणी असलेल्या. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागाही यात धरतात, पण चांगल्या सरकारी कॉलेजात रिकामं राहतं किती? म्हणून ऑप्शन फॉर्ममध्ये सीओईपीखाली कराड आणि अवसरीची शासकीय महाविद्यालयं, सांगलीचं वालचंद हेही भरा. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. मित्राने टाकली म्हणून कुठलीही शाखा वर टाकू नका.

आता पैसे. कॉलेजचा शुल्कतक्ता वाचताना एकूण आकडा बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. शिकवणी शुल्क किती ते वेगळं काढा, कारण सवलत प्रामुख्याने त्याच्यावर मिळते. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत खुल्या वर्गाला शिकवणी शुल्कात निम्मी सवलत आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत 2024-25 पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. महत्त्वाची अट, प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राऊंडमधून हवा. ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, आपल्याकडे जागा आहे’ असं सांगणारा भेटेल. त्याच्याकडून व्यवस्थापन कोट्यात प्रवेश घेतलात की ही सवलत गेली.

फीपेक्षा पुण्यात राहणं महाग पडतं, आणि घराघरांत हिशेब चुकतो तो इथेच. शिवाजीनगर भागात कॉट बेसिसवर महिना पाच-सहा हजार, मेस साडेतीन-चार हजार धरून चाला. दहा महिन्यांचे लाखाच्या घरात जातात, तीन वर्षांचे तीन लाख. शिवाय खोलीची अनामत. वसतिगृह मिळालं तर हा आकडा बराच खाली येतो. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांना स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60 हजारांची तरतूद आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. दोन्हींना अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप काही मिळत नाही.

आणि वेळ. प्रवेश पावसाळ्यात होतात, साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो दिवाळीच्या आगेमागे. उसाचा पहिला हप्ता त्यानंतर. फी भरायची तेव्हा बहुतेक घरांत हातात काही नसतं, मग सोसायटीचं किंवा सावकाराचं दार. त्यापेक्षा मे महिन्यातच बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. पत हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात.

कागदांसाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, तर जातीचा आणि नॉन-क्रीमी लेयरचा बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांचा. इंदापूरकरांनाही प्रांत बारामतीचेच. तहसीलबाहेर टेबल मांडून बसलेला लेखनिक 500 रुपयांचा स्टँप पेपर घ्यायला लावेल. घेऊ नका. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. सेतू केंद्रातही फलकावरचं शुल्कच द्या, पावती मागा. जातपडताळणीला महिनेच्या महिने जातात. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच प्रकरण दाखल करा.

एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो, तो गणिताचा. डिप्लोमाची पोरं वर्कशॉपमध्ये सरस असतात, पण दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री त्यांना जड जातं. निकाल आणि प्रवेश यांच्यातल्या सुट्टीत इंटिग्रेशन पक्कं करून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

प्रवेश घेऊन मन बदललं तर ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी लेखी रद्द करा. प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, मूळ कागदपत्रं अडवता येत नाहीत.

इंदापूर ते पुणे सव्वाशे किलोमीटरच्या वर. रोजची ये-जा जमणार नाही. राहण्याच्या खर्चाची सोय होत नसेल, तर बारामतीतल्या कॉलेजात कॅपमधून प्रवेश घेऊन घरून जाणं हा शहाणा व्यवहार आहे. पुण्यालाच जायचं ठरलं, तर वसतिगृहाची यादी लागेपर्यंत खोलीची अनामत देऊ नका.